जेमवर चौदा महिने: करार एक, शेपूट ज्याचं त्याचं

परवा दुपारी एका कार्यालयातून फोन आला. "अहो, तुमचं पीआरसी राहिलंय ना? काय झालं, आमचे साहेब बदलून गेले आणि लॉगिन त्यांच्याच नंबरवर आहे." पीआरसी म्हणजे माल पोचल्याची तात्पुरती पावती. माल उतरवून 41 दिवस झालेले. ए-फोर कागदाचे दोनशे रीम, 228 रुपयांनी 45,600 ची ऑर्डर, त्यात आम्हाला सुटतात रीममागे नऊ रुपये. टेम्पोवाल्याला रोख दिले, घाऊकवाल्याला एकविसाव्या दिवशी दिले. जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलचा नियम म्हणतो 48 तासांत पीआरसी, दहा दिवसांत क्रॅक, म्हणजे माल स्वीकारल्याचा दाखला, पुढच्या दहा दिवसांत पैसे. फोन ठेवला आणि रागारागात हे लिहायला बसलो, जेमला एकच स्टार द्यायचा असं ठरवून. दोन दिवसांनी वाचलं तर निम्मं माझं मलाच पटेना. ते खोडलं, उरलं ते हे.

आमचं सांगलीत स्टेशनरीचं दुकान आहे. जेमवर नोंदणी कशी करायची वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेल.

दुकान अण्णा बघायचे त्या काळी दरकरार असायचा, सगळे त्याला आरसी म्हणत. केंद्राचं दिल्लीतलं खरेदी खातं, डीजीएस अँड डी, दर आणि अटी एकदाच ठरवायचं, मग केंद्राच्या कुठल्याही खात्यानं त्याच करारावर नुसती ऑर्डर काढायची. राज्यात हे काम मध्यवर्ती भांडार खरेदी संघटनेकडे असायचं. डीजीएस अँड डी 31 ऑक्टोबर 2017 ला बंद झालं. जेम त्याआधीच, ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालं होतं. दरकरार गेल्याची अण्णांना काही हळहळ नाही. "आरसी मोठ्या कंपन्यांची. आपण त्यांची चिठ्ठी घेऊन माल टाकणारे," म्हणतात. बाजारात भाव पडला तरी सरकार करारातलाच भाव मोजायचं, हेही त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना जरा हसले.

तर जेमची खरी कमाई म्हणजे जीटीसी, सर्वसाधारण अटी. सगळ्या देशाला एकच करारनामा. सांगलीचं पोस्ट असो की आसाममधली छावणी, पुरवठ्याच्या मूळ अटी त्याच. पहिले चार-पाच महिने मी खूश होतो. निविदा फॉर्म विकत घ्यायला नको, टपाल विभागात पाकिटावर शिक्का मारून घ्यायला नको. 10 लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर व्यवहार शुल्कसुद्धा नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग मोठ्या बिडांत, म्हणजे ऑनलाइन निविदांत उतरलो आणि एटीसीची गाठ पडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जीटीसीवर वस्तूनिहाय खास अटी, म्हणजे एसटीसी, आणि त्याच्यावर बायरनं स्वतः जोडलेल्या जादा अटी, म्हणजे एटीसी. दोन अटींत विरोध आला तर एटीसी वरचढ. म्हणजे दिल्लीत बसून एक करार घडवायचा आणि शेवटच्या पानावर ज्याला त्याला हवं ते लिहायला रकाना मोकळा सोडायचा. माझं सगळं भांडण या एका रकान्याशी आहे. बाकी पोर्टल बरंच म्हणावं असं आहे.

दीड हजार रीमची बिड होती. एटीसीची पीडीएफ म्हणजे टाईप केलेल्या कागदाचा वाकडा स्कॅन, खालची ओळ अर्धी कापलेली. मागणी काय? दोन सीलबंद रीम नमुना म्हणून कार्यालयात जमा करा. सगळ्या कागदपत्रांची हार्ड कॉपी पाठवा. आणि काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, स्टँपपेपरवर. शंभराचा स्टँप ऑक्टोबर 2024 पासून मिळत नाही, थेट पाचशेचा. तर स्टँप 500, नोटरी 150, कुरिअर 380, दोन रीम 456. एकूण 1,486 रुपये. नऊ रुपयांनी भागलं तर 165 रीमचा नफा, तोही बिड मिळायच्या आधीच गेलेला. बिड मिळाली नाही. रीममागे एक रुपया दहा पैशांनी दुसरा कुणीतरी एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा झाला. नमुन्याच्या रीम परत आल्या नाहीत. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा पलीकडून उत्तर आलं, "त्या वापरल्या गेल्या असतील."

इथपर्यंतचं मी रागात लिहिलं होतं. पुढचं बायकोमुळे लिहितोय. दुकानाचा हिशोब ती बघते. या 1,486 वरून माझी उलटतपासणी झाली तेव्हा तिनं बिडची पीडीएफ मागितली आणि मी कधीच न वाचलेलं पान काढलं. एटीसीच्या खालीच सूचना होती: बिडसोबत नमुना मागणं, पात्रतेसाठी कागद प्रत्यक्ष पाठवायला लावणं, ब्रँडचं नाव घालणं, निविदा शुल्क मागणं, हे बायरला करताच येत नाही, असं कलम असेल तर बिड आणि करार रद्दबातल समजावा. हरकत असेल तर बिड प्रकाशित झाल्यापासून चार दिवसांत रिप्रेझेंटेशन टाका. बायरला उत्तर द्यावंच लागतं, त्याशिवाय त्याला बिड उघडता येत नाही.

पुढच्याच बिडला नमुन्याची अट दिसली. तीन ओळींचं रिप्रेझेंटेशन टाकलं, कलमाचा उल्लेख करून. मला वाटलं, आता हे आपलं नाव लक्षात ठेवणार. तिसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक आलं, अट गायब. खर्च शून्य. त्या दिवशी दुकानात मी सगळ्यांना चहा पाजला, म्हणजे पाच जणांना.

पण मग प्रश्न उरतोच. हे कलम चालत नाही हे पोर्टलच छापतं, तर ते कलम चढतंच कसं? आणि ओळखून हरकत घ्यायचं काम रीममागे नऊ रुपये कमावणाऱ्याचं, तेही चार दिवसांत. कोकणात लग्नाला गेलो असतो तर संपलंच की!

आणखी एक गोष्ट खुपते. केंद्राच्या कार्यालयानं पैसे उशिरा दिले तर महिन्याला 1 टक्का दंडव्याज आहे. ऐकून बरं वाटतं. ते व्याज जमा होतं जेमच्या खात्यात, विक्रेत्या-खरेदीदारांच्या शिक्षणासाठी. उधारी माझी आणि तिच्या व्याजावर शिकवणी सगळ्यांची.

सध्या मी 50,000 च्या आतल्या थेट खरेदीवर भर ठेवलाय. तिथे बिड नाही, म्हणून वाकडा स्कॅनही नाही. एक करार म्हणतात तो मला तरी तिथेच भेटला. त्याहून मोठ्या कामात आधी शेवटचं पान वाचतो, मग दर काढतो. साडेतीन स्टार. एटीसीचा तो मोकळा रकानाच बंद केला तर साडेचार.

आज सकाळी एक बिड नजरेस पडली, नऊशे रीम. एटीसीत कागदाच्या कंपनीचं नाव घालून "किंवा समतुल्य" असं लिहिलंय. प्रकाशित होऊन दोन दिवस झाले, हातात दोन आहेत. दुकान बंद केल्यावर रिप्रेझेंटेशन टाकतो. त्या 45,600 चं पीआरसी अजून झालेलं नाही.