प्रभामंडलाची दुर्बीण आखताना : विश्रामबागेतील कार्यशाळेविषयी

सांगलीत विश्रामबागेत शनिवार-रविवारी भरलेल्या कार्यशाळेचा विषय एकच होता : सूर्याचे प्रभामंडल, म्हणजे बिंबाभोवतीचे तप्त वायूचे अंधूक वलय (करोना) टिपणारी, लहान उपग्रहात मावेल अशी दुर्बीण कागदावर आखणे. मिरज, तासगाव, इस्लामपूरहून अभियांत्रिकीचे विद्यार्थी आले होते. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकालाही प्रवेश मिळाला आणि शुल्काचे चीज झाले.

प्रभामंडल सूर्याच्या बिंबापेक्षा सुमारे दहा लाख पट अंधूक असते, त्यामुळे भिंगाच्या आकाराआधी बिंब झाकणारी चकती कुठे आणि केवढी ठेवायची, हे ठरवावे लागते. मार्गदर्शकांनी उत्तर आयते न देता मुलांकडूनच काढून घेतले. सूर्यबिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून एक मीटरवर साडेनऊ मिलिमीटरची चकती एका बिंदूपुरते ते झाकते. पण दुर्बिणीचे तोंड १० मिलिमीटरचे असेल, तर त्याच्या कडेवरही ऊन पडू नये म्हणून चकती २० मिलिमीटरपर्यंत वाढवावी लागते, आणि मग बिंबालगतचा, सर्वाधिक अभ्यासण्याजोगा भागच तिच्याआड जातो. तासगावच्या एका मुलीने विचारले, "सर, चकतीच लांब नेली तर?" चकती जितकी लांब, तितका बिंबालगतचा झाकला जाणारा भाग कमी, हे पटले, तेव्हा ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या 'प्रोबा-३' या युरोपीय मोहिमेचा आराखडा फळ्यावर आला : एका उपग्रहावर १.४ मीटरची चकती, तर दुर्बीण सुमारे १५० मीटर मागे, दुसऱ्या उपग्रहावर. उत्तर आधी मुलांना सुचावे आणि उदाहरण मागाहून यावे, ही शिकवण्याची रीत मला फार मोलाची वाटते.

चकती दुर्बिणीच्या आतच बसवण्याचा दुसरा मार्ग फ्रान्सच्या बर्नार लियो यांनी १९३०च्या सुमारास दाखवला आणि 'आदित्य-एल१' या भारतीय सौरयानावरील करोनाग्राफही (बिंब झाकून प्रभामंडल टिपणारी दुर्बीण) त्याच मार्गाने जातो. यात पहिल्या भिंगावर किंवा आरशावर सूर्याचा सगळा प्रकाश पडतो, म्हणून तो पृष्ठभाग कमालीचा गुळगुळीत लागतो. कार्यशाळेत भिंगावर बोटाचा ठसा उमटवून त्यावर दिव्याचा झोत टाकला, तेव्हा पडद्यावरचा काळोख लगेच दुधाळ झाला. ठसा पुसताच तो पुन्हा गडद झाला. विखुरलेला प्रकाश म्हणजे काय, हे याहून स्वच्छ कोणी दाखवलेले मी पाहिलेले नाही.

उणीव एक, पण मोठी आहे. उपग्रह सूर्याकडे अचूक रोखून धरणे आणि उष्णतेने दुर्बिणीची मापे बदलू न देणे, हे लहान यानात सर्वांत अवघड असते, आणि तेच रविवारी दुपारी घाईघाईने आटोपले. संयोजकांनी त्यासाठी आणखी अर्धा दिवस द्यावा. बारावीचे प्रकाशशास्त्र पक्के असलेल्या कोणीही पुढच्या वेळी अवश्य जावे. मात्र गणिते हातानेच करावी लागतात, ही तयारी ठेवावी.