टंकलेलं पुस्तक की स्कॅन केलेलं?

भाचीचा परवा फोन आला. तिने मोठा टॅब घेतलाय, जुनी पुस्तकं वाचायची ठरवलीत. "मामा, तू ती टेक्स्टवाली घेतोस की पीडीएफ?" म्हणजे अक्षरं टंकून केलेली फाइल, की पानांचे फोटो काढून केलेला स्कॅन? माझं उत्तर तयार होतं, पण ते एका रात्रीच्या वैतागातून आलेलं, त्यामुळे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. इथे लिहितो. प्रश्न फक्त प्रताधिकार संपलेल्या पुस्तकांचा आहे. कर्जाऊ ई-पुस्तकांचं प्रकरण वेगळं. तिथे ग्रंथालयाने घेतलेली फाइल सहसा एका वेळी एकालाच मिळते. २०११ मध्ये तर एका बड्या प्रकाशकाने २६ वेळा दिली की फाइल संपली, असा नियम काढला होता. पुठ्ठा नाही, शिवण नाही, तरी झिजते! असो.

टंकलेल्या पुस्तकांचं घराणं जुनं. इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्टला १९७१ मध्ये तिथल्या मोठ्या संगणकावर काम करायची मुभा मिळाली. ४ जुलैला त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला, सगळा मोठ्या लिपीत, कारण लहान अक्षरांची सोयच नव्हती. तिथून प्रोजेक्ट गुटेनबर्ग, म्हणजे फुकट ई-पुस्तकांचा साठा, सुरू झालं. दहावं पुस्तक, म्हणजे बायबल, यायला १९८९ उजाडलं आणि हजारावं १९९७ मध्ये आलं. २००० नंतर जगभरचे स्वयंसेवक एकेक पान वाटून घेऊन मुद्रितं तपासू लागले, तेव्हा गाडीने वेग घेतला. हार्टचा हट्ट एकच होता: फाइल इतकी साधी हवी की कुठल्याही यंत्रावर उघडेल. यात तो शंभर टक्के खरा ठरला. १९९८ मध्ये रॉकेट ई-बुक नावाचं वाचनयंत्र केवढा गाजावाजा करत आलं होतं, आज ते कुणाला आठवतही नाही. हार्टच्या फायली मात्र माझ्या फोनवर मुकाट उघडतात. अक्षर हवं तेवढं मोठं करा, दिवा मालवून कुशीवर वळून वाचा. चाळिशी लागलेल्याला हे सुख समजावून सांगावं लागत नाही.

स्कॅनवाल्यांचं घराणं ग्रंथालयांचं. हार्टला टंकायला एक छापील प्रत मिळाली की पुरे होतं. स्कॅनला मात्र कुणीतरी शंभर वर्षं जपलेलं कपाटच लागतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या राज रेड्डींच्या दहा लाख पुस्तकं स्कॅन करायच्या प्रकल्पात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती, आणि त्यातूनच आपली डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभी राहिली. २००४ मध्ये गूगलने हार्वर्ड, मिशिगन, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीशी पुस्तकं स्कॅन करायचे करार केले. मिशिगनसह अनेक अमेरिकी विद्यापीठांनी आपापल्या स्कॅन प्रती २००८ पासून हाथीट्रस्ट या सामाईक भांडारात एकत्र ठेवल्या. हाथी म्हणजे आपलाच हत्ती, तो काही विसरत नाही म्हणून. डिजिटल लायब्ररीतली बरीचशी मराठी पुस्तकं आता इंटरनेट अर्काइव्ह या फुकट संग्रहाच्या साइटवर सापडतात.

फोनवर स्कॅन वाचणं म्हणजे मात्र शिक्षा. ओळीच्या शेवटापर्यंत पान डावीकडे सरकवा, पुढच्या ओळीसाठी परत उजवीकडे ढकला. एका पानावर तर रबरी टोपी घातलेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच आहे, नेमका तळटीपेवर.

आता तो वैताग. दिवाळी अंकासाठी मी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दख्खनमधल्या प्रवासावर लेख लिहीत होतो. कुठल्याशा साइटवरून (गुटेनबर्ग नव्हे) त्याच्या पुस्तकाची टंकलेली प्रत उतरवली होती. छान सुटसुटीत, शोधाला सोपी. तीन आठवडे तिच्यावर काम केलं, लेख धाडला. संपादकांचा निरोप आला: "उताऱ्यांचे पृष्ठक्रमांक द्या, उद्यापर्यंत." प्रतीत एकही पृष्ठक्रमांक नव्हता. गंमत म्हणजे शेवटची सूची इमानदारीने टंकली होती: घाट, २१२, पटकी, ८७. पानं गेली आणि त्यांचे पत्ते तेवढे मागे उरले! रात्री साडेदहाला स्कॅन शोधायला बसलो. सापडला, पाच उतारे जुळले. सहावा, ज्याच्यावर माझा अख्खा परिच्छेद उभा होता, तो कुठेच नाही. दीड वाजता उजेड पडला की हा स्कॅन पहिल्या आवृत्तीचा, आणि लेखकाने ते वाक्य नंतर कधीतरी घातलेलं. माझी प्रत कुठल्या आवृत्तीवरून टंकली, हे प्रतीत लिहिलेलंच नव्हतं. परिच्छेद काढून टाकला.

हा टंकणाऱ्यांचा आळस म्हणणार नाही. अपूर्णविराम की अर्धविराम यावर पंडितांशी घासाघीस करण्यात हार्टला रस नव्हता, सामान्य वाचकाला पुस्तक मिळावं एवढंच त्याला हवं होतं. गुटेनबर्गच्या अलीकडच्या कित्येक प्रतींत पृष्ठक्रमांकही राखलेले असतात. तरी स्कॅन उघडला की पहिल्यांदा मुखपृष्ठ येतं, मागे प्रकाशक, साल, आवृत्ती. मग ग्रंथालयाचा जांभळा लंबगोल शिक्का, आणि शेवटी तारखांची चिठ्ठी, जिच्यावरची शेवटची तारीख साठ वर्षांपूर्वीची असते. पुस्तक कुठल्या कपाटातलं, ते कळतं.

मराठीचं तर बोलायलाच नको. हार्टची ती "कुठेही उघडणारी" साधी लिपी इंग्रजी मुळाक्षरांची, तिच्यात 'क' बसतच नव्हता. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकी पद्धत, रुळेपर्यंत आपल्याकडे जो तो आपापल्या फाँटमध्ये टंकत होता, आणि तो फाँट नसला की ज्ञानेश्वरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. चित्राला फाँट लागत नाही. स्कॅनमध्ये शब्द शोधायला जाल तर मात्र हाती फार लागणार नाही. जुन्या खिळ्यांच्या छपाईत चित्रातली अक्षरं ओळखणारं यंत्र 'घ' आणि 'ध' मध्ये, 'भ' आणि 'म' मध्ये सर्रास गोंधळतं.

तेव्हा बाई गं, झोपण्याआधी इंग्रजी कादंबरी वाचायची असेल तर टंकलेली घे, मी स्वतः घेतो. पण पुढेमागे त्यावर चार ओळी लिहायचा विचार असेल, किंवा पुस्तक मराठी असेल, तर माझ्या मते स्कॅनच बरा. तुझा अनुभव वेगळा निघेलही. मोठा टॅब घेतलायस, म्हणजे सरकवासरकवीचा अर्धा त्रास गेलाच. उतरवण्याआधी पहिली चार पानं आणि शेवटचं पान तेवढं बघ. मधलं एखादं पान गळलं असेल तर ते नशीब.

माझ्या त्या दख्खनच्या पुस्तकातला नकाशा घडी न उघडताच स्कॅन झालाय, पुणे तेवढं दिसतं आणि सातारा घडीत गेलंय. शेवटी एका जुन्या ग्रंथालयात जाऊन मूळ प्रत मागितली. बाईंनी ती टेबलावर ठेवली, घडी स्वतःच उलगडली आणि मला म्हणाल्या, "हात नका लावू, फोटो काढा."