पोलादी माल 14 कंटेनरांतून समुद्रापार: आठ महिन्यांनंतर

इमारतीच्या सांगाड्याचे कॉलम, बीम आणि कॉलमच्या पायाशी बसणाऱ्या जाड बेसप्लेट असा माल आम्ही तीन खेपांत, 14 कंटेनरांतून पाठवला. परवा शेवटचा कंटेनर रिकामा झाला, म्हणून आता लिहायला बसलोय.

पहिल्या खेपेला सगळे चाळीस फुटी घेतले. चूक झाली. पोलाद भरताना जागा उरते, वजन आधी संपतं. आम्हाला मिळालेल्या वीस आणि चाळीस फुटी कंटेनरची एकूण वजनमर्यादा एकच होती, 30,480 किलो. त्यात चाळीस फुटीचं स्वतःचं वजन जास्त, म्हणजे माल उलट कमीच बसतो. पुढे लांब बीम सोडून बाकी सगळं वीस फुटीत घातलं. उतरल्यावरच्या रस्त्यांची वजनमर्यादा मात्र आधी विचारून घ्या, ती याहूनही कमी असू शकते.

बेसप्लेटचा गठ्ठा आखूड आणि भयंकर जड. तो नुसता मधोमध ठेवला तर सगळा भार तळाच्या दोन-चार पट्ट्यांवर येतो. खाली लांबीच्या दिशेने जाड ओंडके टाकून भार पसरवला, आणि पोलादावर पोलाद घसरतं म्हणून प्रत्येक थरात रबरी चटई घातली. तळाच्या कड्यांवर सगळी भिस्त ठेवू नका; कोपऱ्यांच्या खांबांपर्यंत लाकडी अडण द्या.

सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते गंजाचं. दुसऱ्या खेपेतला एक कंटेनर उघडला तेव्हा छताला थेंब लटकत होते. प्लेटवर चार बोटं रुंदीचे तांबूस पट्टे, बरोबर लाकूड टेकलं होतं तिथेच. लाकडावर आयएसपीएम 15 चा (पॅकिंगच्या लाकडासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का होता, पण तो किडीसाठी: लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलं, एवढंच तो सांगतो. लाकूड कोरडं आहे असं नाही. आता प्रत्येक ओंडका ओलावामापकाने तपासतो, मधे व्हीसीआय फिल्म (गंज रोखणारी वाफ सोडणारं प्लास्टिक) घालतो आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो. तिसऱ्या खेपेत डाग नाही.

वजन ड्रॉइंगवरून बेरीज करून देऊ नका. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. आमच्या बेरजेत लाकूड आणि साखळ्या राहिल्या होत्या, त्या गडबडीत एक जहाज हुकलं.

आणि कॉलम पायाला जखडणारे अँकर बोल्ट पहिल्या कंटेनरात, दाराजवळ ठेवा. आमचे पाचव्यात होते. उभारणीची माणसं बोल्टसाठी नऊ दिवस थांबून होती.