मीटिंगच्या नोट्स काढणारं एआय घेतलं आणि आमचा आतला दर बाहेर गेला

सकाळी सव्वाआठला पुण्याच्या खरेदीदाराचा फोन आला. "ताई, तुमच्याच मेलमध्ये ७८० लिहिलंय. मग काल ९५० कशाला सांगत होतात?" मी चहा गाळत होते. पातेलं तसंच ठेवून मेल उघडला. ठळक अक्षरांत ओळ होती: 'गट डझनाला ७८० रुपयांनी आंबा देण्यास तयार आहे.' वर माझंच नाव, आणि मेल गेला होता आमच्या अकराही जणांना आणि त्या खरेदीदाराला.

आम्ही देवगड तालुक्यातले अकरा बागायतदार आहोत. जामसंडे, कुणकेश्वर, गिर्ये, मिठबाव अशा गावांत विखुरलेले. वाशीच्या दलालावर अवलंबून न राहता थोडा माल थेट विकायचा म्हणून गट केला. गटाचं लिहिणं-वाचणं माझ्याकडे आहे. सगळ्यांनी एका जागी जमणं हंगामात जमत नाही, म्हणून रात्री साडेआठला ऑनलाइन बसतो. मी ऐकता ऐकता वहीत लिहायचे. कुणाच्या किती पेट्या, फवारणीचा खर्च, कोणत्या बागेत साका (फळ आतून खराब होणं) निघाला, सगळं. अर्धं राहून जायचं आणि मग दुसऱ्या दिवशी फोनाफोनी. त्यामुळे जानेवारीत एक माणूस तालुक्याला आला आणि 'मीटिंग आपोआप लिहून देणारं मराठी एआय' दाखवू लागला, तेव्हा मला ते हवंच होतं. गरज माझी खरी होती, आणि अशी माणसं नेमकी तिथेच बोट ठेवतात.

त्याने लॅपटॉपवर एक मीटिंग लावली. दोन जण पुस्तकी मराठीत, एकमेकांना न तोडता, सावकाश बोलत होते. खाली अक्षरं धडाधड उमटत होती, एकही चूक नाही. मी विचारलं, आमची माणसं मालवणी बोलतात, चालेल का? "सगळ्या बोली येतात, मॅडम." मी आमची एखादी मीटिंग लावून दाखवा म्हटलं, तर म्हणाला की ते फक्त पैसे भरलेल्या खात्यात होतं. तिथेच मी थांबायला हवं होतं. पुढे पुण्यातल्या भाच्याकडून कळलं की ही मराठीची यंत्रं बहुतेक दुसऱ्या कुणाच्या इंजिनावर चालतात. ओपन-एआय कंपनीने २०२२ मध्ये बोलणं ऐकून लिहिणारं व्हिस्पर नावाचं इंजिन सगळ्यांना खुलं केलं. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं आहे, पण त्यातला बहुतेक आवाज इंग्रजी. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, मालवणी नाही. आमच्या विक्रेत्याच्या आत काय होतं ते मला माहीत नाही, पण 'सगळ्या बोली येतात' ही सरळ थाप होती.

पहिल्याच मीटिंगमध्ये ती उघडी पडली. गिर्याचे काका म्हणाले होते, "माका ह्या दराक परवडाचा नाय." नोट्समध्ये आलं, 'मका या दराला परवडायचा ना.' आंब्याच्या मीटिंगमध्ये मका, आणि नकाराचा झाला होकार. साक्याची झाली 'शाखा'. कुणी 'पावणेनऊशे' म्हणालं तर ते 'नऊशे' झालं, म्हणजे डझनामागे पंचवीस रुपयांचा फरक. रेंज गेली आणि मिनिटभर कुणीच बोललं नाही, तिथे यंत्राने लिहिलं, 'पाहिल्याबद्दल धन्यवाद.' भाचा म्हणतो, शांतता आली की ही यंत्रं स्वतःच वाक्यं रचतात, हे आता सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. मला ठाऊक नव्हतं. मी विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला, "आठ दिवसांत तुमचा आवाज शिकेल." मी थांबले.

आठ दिवसांच्या आतच ती खरेदीदाराबरोबरची मीटिंग झाली. आम्ही ९५० सांगितले, तो ८५० वर अडला. नऊ-दहा मिनिटं ओढाताण झाली, मग 'उद्या कळवतो' म्हणून तो बाहेर पडला. आम्ही आपसात बोलत राहिलो. मिठबावचे आबा म्हणाले, अगदीच अडलं तर ७८० ला देऊ, पण माल पडून राहायला नको. हे घरातलं बोलणं होतं. पण माणूस गेला तरी यंत्र मीटिंगमध्येच बसलं होतं. सहभागींच्या यादीत त्याचं नाव साध्या माणसासारखं दिसत होतं, आणि त्याला बाहेर काढायचं मला सुचलंच नाही. मीटिंग बंद झाल्यावर पाचेक मिनिटांत सारांश सगळ्या निमंत्रितांना गेला. खरेदीदार निमंत्रितच होता. 'सर्वांना आपोआप पाठवा' हे बटण पहिल्यापासून चालू असतं, आणि ते सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे, हे मी त्या सकाळी शोधून काढलं.

सौदा शेवटी ८०० ला ठरला. १,२०० डझन माल. मेल गेला नसता तर ८८० ला नक्की बसला असता असं आबाही म्हणतात. म्हणजे ९६,००० रुपये. अकरा घरांचे. मला कुणी टाकून बोललं नाही, पण आबांच्या समोर उभं राहताना अजून जीव खाली जातो.

तोवर पैशाचं वेगळंच निघालं. 'पंधरा दिवस फक्त १ रुपया' म्हणून त्याने माझ्या फोनवर यूपीआय ऑटोपे मंजूर करून घेतलं होतं. मी १ रुपया बघितला आणि पिन टाकला. त्याच पडद्यावर खाली '१५,००० रुपयांपर्यंत' असं लिहिलेलं होतं. ऑटोपेमध्ये आज जाणारी रक्कम वेगळी आणि पुढे काढता येणारी कमाल रक्कम वेगळी असते. सोळाव्या दिवशी १२,६०० गेले, वर्षाची वर्गणी म्हणून. पिन मागितला नाही, कारण १५,००० पर्यंतच्या ठरलेल्या कापणीला दर वेळी वेगळी मंजुरी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २४ तास आधी सूचना यावी लागते. ती आली होती, जाहिरातींच्या मेसेजमध्ये गाडली गेली. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय.

एक गोष्ट पैशापेक्षा जास्त टोचते. सारांशाच्या मेलमध्ये 'पूर्ण नोट्स वाचण्यासाठी खातं उघडा' अशी लिंक होती. आमच्यातल्या एकाने ती मुलीच्या फोनवर उघडली. मुलगी शाळेत शिक्षिका आहे. खातं उघडताना तिचं कॅलेंडर जोडलं गेलं, आणि तीन दिवसांनी तिच्या शाळेच्या ऑनलाइन पालकसभेत ते यंत्र आपोआप हजर. कुणाला कळायच्या आत वीस मिनिटं रेकॉर्ड झाली होती, त्यात एका मुलाच्या आजारपणाचं बोलणं. ती बिचारी मुख्याध्यापकांसमोर उभी राहून माफी मागत होती. तिचा काय दोष?

आता काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी याच फेऱ्यात असेल तर त्याला उपयोग होईल. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची वेगळी यादी असते, तिथे जाऊन आधी ते रद्द केलं. नुसतं नोट्सचं अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तर पैसे कापणं थांबत नाही. मग कॅलेंडरची परवानगी काढून घेतली, सगळ्या अकरा जणांच्या फोनवर, एकेकाच्या घरी जाऊन. कंपनीला रेकॉर्डिंग पुसण्यासाठी लेखी मेल केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅप आणि वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविरुद्ध (इंग्रजीत 'डार्क पॅटर्न') मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतल्या तेरा प्रकारांत 'वर्गणीचा सापळा' हाही आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत केला. कंपनीचं उत्तर आलं की अटी मान्य केल्यावर पैसे परत मिळत नाहीत. त्यावर मी पुन्हा लिहिलं आहे. विक्रेत्याचा फोन लागत नाही.

गटाच्या संमतीने मी आमच्याच मीटिंगचं सात मिनिटांचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवलं आहे. दराचं काही नाही त्यात, पण 'माका' आहे, 'साका' आहे, 'पावणेनऊशे' आहे, दोन वेळा 'नाय' आहे आणि मध्ये रेंज गेलेली आहे. गेल्या महिन्यात दुसरा एक जण असलंच काहीतरी घेऊन आला. मी म्हटलं, आधी हे लाव, पैशाचं नंतर बघू. दोन 'नाय' होते, त्यांतला एक त्याच्या यंत्राने गाळला. त्याला चहा दिला आणि वही पुढे ओढली.