टाहक्विट्स कॅन्यन: मुलं कॅलिफोर्नियात असतील तर हे बघाच

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी तिघांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत. "तिकडं काय बघायचं?" असं कुणी विचारलं, की मी आधी पाम स्प्रिंग्ज या वाळवंटातल्या गावाजवळच्या टाहक्विट्स कॅन्यनचं, म्हणजे तिथल्या धबधब्याच्या दरीचं, नाव घेतो. मार्चमध्ये आम्ही दोघं मुलीकडं होतो, तेव्हा ती घेऊन गेली. लॉस एंजेलिसहून गाडीनं दोन तास.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळं कुठंही गेलो तरी पाणी कुठनं येतं, हे आधी बघतो. पाम स्प्रिंग्जला वर्षाचा पाऊस साधारण ५ इंच. आषाढात लागून राहिला तर गगनबावड्याला तेवढा एका दिवसात पडतो. मग या रखरखीत वाळवंटात ६० फुटांचा धबधबा कसा? मान वर केली आणि कळलं. दरीच्या वर सॅन जसिंटोचा डोंगर आहे, ३,३०० मीटर उंच, आणि मार्चमध्येही माथ्यावर पांढरा बर्फ होता. तो वितळतो आणि पाणी या दरीतनं खाली येतं. म्हणून जायचं तर हिवाळा सरताना, वसंतात. उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक होत जाते आणि ऊन ४५ अंशांच्या वर चढतं.

वाट जाऊन-येऊन २ मैलांची, पण सपाट समजू नका. दगडी पायऱ्या आहेत आणि काही इतक्या उंच, की हात टेकूनच चढावं लागतं. बायको तिसऱ्या वळणावर बसली. "अहो, यापेक्षा जोतिबाच्या पायऱ्या बऱ्या!" गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावीच. सावली जवळजवळ नाही. स्वच्छतागृह खाली तिकिटाच्या इमारतीतच आहे.

वाटेवर क्रिओसोटची झुडपं आहेत. त्याची डहाळी न तोडता ओंजळीत धरायची, तिच्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. पाऊस जवळ आला की वाऱ्यावर येतो ना, तसा वास! मी चार वेळा घेतला.

ओढ्याच्या काठाला प्रवाह मोजायचं केंद्र आहे. तिथं मी सगळ्यात जास्त थांबलो. राजाराम बंधाऱ्यावर पुराच्या दिवसांत इशाऱ्याचे ३९ फूट झाले का, धोक्याच्या ४३ ला किती उरले, हे रात्र-रात्र ऐकलेल्या माणसाला एवढ्याशा ओढ्याचीही कुणी नोंद ठेवतं, याचं फार बरं वाटलं. इथल्या मूळ रहिवासी काहुइया लोकांनी शेताला पाणी न्यायला पूर्वी चर खणले होते, त्याच्याही खुणा दाखवतात. फडाला पाटानं पाणी देणाऱ्या आपल्या माणसाला ते लगेच उमगतं.

जमीन त्याच लोकांची, आग्वा कॅलिएंते काहुइयांची, आणि कारभारही त्यांचाच. आम्हाला माणशी १५ डॉलर पडले. मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत. पूर्वी लोकांनी येऊन इतका कचरा केला, दगडांवर इतकं रंगवून ठेवलं, की काहुइयांनी कित्येक वर्षं दरी बंद ठेवली, साफ केली आणि मगच उघडली. आता संबंध वाटेवर मला एक रिकामी बाटली दिसली नाही. आपल्याकडं जुलैत धबधब्याखाली अनवाणी उभं राहायची सोय नाही, इतक्या काचा असतात. आपल्याही गावांनी असं तिकीट लावलं, तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

धबधब्यापाशी पोचलो तेव्हा बायकोनं दगडावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि लगेच वर घेतले. मग परत सोडले. "माघात पंचगंगेत उतरल्यासारखं गार आहे," म्हणाली. निघायला तीच तयार नव्हती.

सकाळी साडेसातला उघडतं, तेव्हाच जा. दुपारी साडेतीननंतर आत सोडत नाहीत. माणशी दोन बाटल्या पाणी आणि टोपी घ्या.