दानीएलच्या चार श्वापदांचा भिंतीवरचा तक्ता

पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) दानीएलाच्या पुस्तकात चार श्वापदांचा दृष्टांत आहे, एकेक श्वापद म्हणजे एकेक साम्राज्य. तो शिकवायला आमच्या संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी हा कापडी तक्ता मागवला. अक्षरं ठळक, मागच्या बाकावरूनही वाचता येतात. सातव्या अध्यायातला पंखांचा सिंह म्हणजे बाबेल, खाली इ.स.पू. 539, पारसी राजा कोरेशाने ते शहर घेतलं ते वर्ष. अस्वल एका ओळीत आटोपलंय. चित्ता मात्र अप्रतिम! चार पंख म्हणजे अलेक्झांडरच्या मोहिमांचा वेग, चार डोकी म्हणजे त्याचं राज्य वाटून घेणारे सेनापती कॅसँडर, लिसिमॅकस, टॉलेमी आणि सेल्युकस, शेजारी त्यांच्या राज्यांचा नकाशा. आठव्या अध्यायातला एडका नि बकराही इथेच आहेत. हे फार बरं केलं, कारण मेद-पारस आणि ग्रीस ही नावं तिथे पवित्र शास्त्रच देतं.

चौथं श्वापद रोम. पण त्याच्या दहा शिंगांवर आजच्या युरोपीय देशांचे झेंडे रंगवलेत, ते मला अजिबात पटत नाही. उलट इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळणारा, सेल्युकसच्या वंशातला राजा अँटिओकस चौथा कुठेच नाही. त्या दहा शिंगांमधून उगवणारं लहान शिंग म्हणजे तोच असं अनेक अभ्यासक मानतात. मुलांना दोन्ही अर्थ कळायलाच हवेत. झेंड्यांवर मी कोरा कागद चिकटवलाय. मागवाल तर कापडीच मागवा, कागदी तक्ता घडीवर फाटतो.