आठ महिने, एक वैदर्भीय उन्हाळा आणि 5000 एमएएचची बॅटरी

गेल्या नोव्हेंबरात घेतलेला हा फोन आठ महिने रोज माझ्याबरोबर अकोला जिल्ह्यात फिरतो आहे. माझे काम पिकांच्या पाहणीचे असल्याने सकाळी सातला घर सोडल्यापासून अंधार पडेपर्यंत नकाशा, छायाचित्रे, नोंदींचे ॲप आणि शेतकऱ्यांचे फोन हे सारे याच एका यंत्रावर चालते. 5000 एमएएच हा बॅटरीच्या क्षमतेचा आकडा दुकानात भरघोस वाटला होता. पहिल्याच आठवड्यात मात्र दुपारी तीनला बॅटरीचे चिन्ह लाल झाले.

सुरुवातीला मीही दर तासाला उघडी ॲप्स बाजूला सारून पुसत बसलो. त्याचा उपयोग शून्य झाला, कारण झोपलेले ॲप अँड्रॉइड स्वतःच आवरते आणि पुसलेले ॲप पुन्हा मुळापासून उघडताना उलट अधिक वीज लागते. खरा चोर सेटिंगमधल्या बॅटरी-वापराच्या पानावर सापडला: 'मोबाइल नेटवर्क'. शहरात तीन तासांच्या कामाला 18 टक्के लागले होते, तर अकोटच्या पुढे पोपटखेडला, मेळघाटाच्या पायथ्याशी, तेवढ्याच कामाला 41. रेंज क्षीण असली की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त ताकदीने लहरी सोडतो आणि पुन्हा पुन्हा टॉवर शोधतो. त्यात 5जी येत-जात असेल तर ही शोधाशोध आणखी वाढते. आता मी पाहणीच्या वेळी सरळ फ्लाइट मोड लावतो. या फोनवर तेव्हाही जीपीएस चालू राहते, नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेतलेला असतो आणि साठलेल्या नोंदी अकोटला चहाच्या टपरीवर बसून पाठवतो. घरून कोणी फोन केल्यास तो लागत नाही, ही अडचण आहेच. बाकी दिवशी 5जी बंद करून 4जीवर राहिल्यानेही बराच फरक पडतो.

एप्रिल उजाडला आणि दुसरा धडा मिळाला. मोटारसायकलच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन, पडदा पूर्ण उजेडावर, नकाशा चालू, खालून चार्जिंगची वायर, आणि वर 44 अंशांचे ऊन. तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर फोन इतका तापला की उजेड आपोआप उतरला आणि चार्जिंग थांबल्याची सूचना आली. ही कटकट वाटली, तरी फोन स्वतःला वाचवत होता. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य खाणाऱ्या गोष्टींत उष्णता आघाडीवर आहे आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापणे तर सर्वांत वाईट. 35 अंशांपेक्षा अधिक तापमानात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे ऍपल स्वतः सांगते. आपल्याकडे मे महिन्यात घरातली भिंतही त्याहून गरम असते. माझ्या आधीच्या फोनची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगून मागचे झाकण उचलले गेले होते, आणि तो रात्रभर उशीखाली चार्ज करण्याची सवय माझीच होती. आता फोन खिशात, रस्त्याच्या सूचना कानातल्या इयरफोनमध्ये, चार्जिंग सकाळी गारव्यात आणि मर्यादा 80 टक्क्यांची. लांबच्या फेरीच्या आदल्या रात्रीच ती मर्यादा काढतो. आठ महिन्यांत 205 चार्जिंग सायकल झाल्या. अर्धी बॅटरी आज आणि अर्धी उद्या वापरली तर ती एकच सायकल धरतात, त्यामुळे मध्येच थोडे थोडे चार्ज करायला घाबरण्याचे कारण नाही. बॅटरी शून्यापर्यंत उतरवून मगच भरायची, ही जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली शिकवण या बॅटरीला लागू नाही.

डार्क मोडबद्दल माझे मत थोडे बदलले. काळ्या पार्श्वभूमीचा हा मोड फक्त ओलेड पडद्यावर वीज वाचवतो, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. पर्ड्यू विद्यापीठाच्या 2021च्या अभ्यासात मध्यम उजेडावर बचत जेमतेम 3 ते 9 टक्के, तर पूर्ण उजेडावर 39 ते 47 टक्के दिसली. म्हणजे खरा लाभ भर उन्हात. आणि भर उन्हातच काळ्या पडद्यावरचे अक्षर दिसत नाही! मी तो रात्री डोळ्यांसाठी ठेवतो. पडद्यावरचे चित्र सेकंदाला 120 वेळा ताजे होते, तो 120 हर्ट्झचा वेग 60वर आणला, त्याने थोडीफार भर पडली.

एवढे करून साधारण दिवशी घरी पोहोचताना 30-35 टक्के उरतात. मात्र कामाच्या नोंदींचे ॲप पार्श्वभूमीतही लोकेशन मागते, नाकारले की उघडतच नाही, आणि रोज 11-12 टक्के एकटे खाते. दोनदा लिहून कळवले, उत्तर आले नाही. म्हणून पोपटखेडच्या फेरीला पॉवर बँक अजूनही पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी असते.